जुन्या झाडांभोवतीच्या हिरवळीत नळ्या टाकताना मुळे कशी वाचवावीत?

प्रश्न:
हिरवळीसाठी जमिनीखालून नळ्या टाकून स्प्रिंकलर बसवायचे आहेत. त्याच जागेत तीन पूर्ण वाढलेली झाडे असून सर्वांत मोठ्या झाडाच्या खोडाचा व्यास सुमारे ५० सेंटिमीटर आहे. आखणीप्रमाणे मुख्य चर या खोडापासून दीड मीटरवरून आडवा जातो. चर जेमतेम ३० सेंटिमीटर खोल असल्यामुळे मुळांना धोका नाही, असे काम करणाऱ्याचे म्हणणे आहे. ते कितपत बरोबर आहे?

पहिले उत्तर:
ते बरोबर नाही. पाणी आणि अन्नद्रव्ये शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या ३० ते ६० सेंटिमीटर थरातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यामुळे उथळ चर नेमका त्यांच्यावरच घाव घालतो. छातीच्या उंचीवर मोजलेल्या खोडाच्या व्यासाच्या बारापट अंतरात खणू नये, असा ढोबळ नियम आहे. आपल्या झाडासाठी हे अंतर सहा मीटर होते. दीड मीटरवरच्या आडव्या चरामुळे त्या बाजूची आधार देणारी जाड मुळेही तुटतील, आणि मग प्रश्न केवळ पाने सुकण्याचा न राहता वादळात झाड उभे राहण्याचा होतो. शिवाय ही हानी लगेच दिसत नाही. शेंडे वाळू लागेपर्यंत काही वर्षे जातात आणि तोवर चराची आठवणही कोणाला राहत नाही.

दुसरे उत्तर:
मुळात झाडाखाली स्प्रिंकलर हवेत कशाला? दाट सावलीत गवत तसेही विरळच राहते. खोडाभोवतीचे गवत काढून तिथे पालापाचोळ्याचे किंवा लाकडाच्या तुकड्यांचे पाच ते दहा सेंटिमीटर जाडीचे आच्छादन करावे, ते बुंध्याला टेकू देऊ नये, आणि त्याखाली ठिबकच्या नळ्या जमिनीवरच अंथराव्यात. म्हणजे खणण्याची गरजच उरत नाही. ठिबकसाठी व्हॉल्व मात्र स्वतंत्र ठेवावा, कारण गवताला थोडे पण वरचेवर पाणी लागते, तर जुन्या झाडाला क्वचित पण खोलवर मुरणारे. उरलेल्या हिरवळीतील स्प्रिंकलरचे फवारे खोडावर पडणार नाहीत, अशी त्यांची तोंडे फिरवावीत. बुंधा सतत ओला राहिल्यास तो कुजू लागतो.

प्रश्नकर्ता:
ठिबकची सूचना पटली. परंतु मोठ्या झाडाच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला फरसबंदी असल्यामुळे मुख्य नळी सहा मीटरच्या आतूनच न्यावी लागेल. अशा वेळी काय करावे?

पहिले उत्तर देणारे:
भिंतीवरून उघडी नळी नेता आली, तर ते सर्वांत उत्तम; उन्हात टिकणारी नळी मात्र निवडावी. ते शक्य नसल्यास यंत्र बाजूला ठेवून खुरप्याने हळूहळू माती मोकळी करावी, अडीच सेंटिमीटरहून जाड मुळे अखंड ठेवावीत आणि नळी त्यांच्या खालून सरकवावी. एखादे बारीक मूळ कापावेच लागले, तर फावड्याने न तोडता धारदार कात्रीने सरळ कापावे; त्यावर रंग किंवा डांबर लावू नये. उघडी पडलेली मुळे ओल्या गोणपाटाने झाकावीत आणि शक्यतो त्याच दिवशी काढलेलीच माती परत भरावी. ती धुमसून घट्ट करू नये, पाणी घालूनच बसू द्यावी. माती चिखलासारखी ओली असताना मात्र काम सुरू करू नये, वाफसा येईपर्यंत थांबावे.