मदत हवी आहे : खेळ सुरू असताना संगणक आपोआप रीस्टार्ट होतो (नागपूर)

मानेवाडेकर :
नमस्कार. माझा डेस्कटॉप खेळताना अचानक बंद पडतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. निळा पडदा येत नाही, कसलीही सूचना येत नाही. पडदा काळा होतो आणि काही क्षणांत मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह दिसू लागते. विंडोज नव्याने टाकून झाले, ड्रायव्हर बदलून झाले. दुकानदार म्हणतो की ग्राफिक्स कार्डच सदोष आहे आणि ते कंपनीकडे पाठवावे लागेल, म्हणजे महिना सहज गेला. कार्ड नवीन आहे आणि कारण कळल्याशिवाय मला ते हातचे सोडायचे नाही. दोष नक्की कशात आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे? कृपया लवकर सांगावे, सोमवारी त्याला उत्तर द्यायचे आहे.

अजनीकर :
कार्ड कोणते, प्रोसेसर कोणता, एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारे युनिट) किती वॅटचा, कोणत्या खेळात असे होते आणि त्या वेळी तापमान किती असते, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. एवढ्या माहितीवर कोणीही अंदाजापलीकडे काही सांगू शकणार नाही.

जुना_तंत्रज्ञ :
माहिती आली नसली तरी लक्षण ओळखीचे आहे. निळा पडदा न येता संगणक थेट रीस्टार्ट होत असेल, तर विंडोजला चूक नोंदवण्याइतकाही वेळ मिळालेला नाही, म्हणजेच वीज आतूनच तुटली आहे. आजची कार्डे सरासरी 200 वॅट खात असली, तरी काही मिलिसेकंदांपुरती त्यांची मागणी त्याच्या कितीतरी वर उसळी मारते. 2022 मध्ये आलेल्या, एसएमपीएससाठीच्या एटीएक्स 3.0 या मानकात अशा क्षणिक उसळ्या सोसण्याची अट मुद्दाम घालावी लागली, ती याच कारणाने. जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसचे संरक्षण या उसळीला बिघाड समजते आणि पुरवठा तोडते. एसएमपीएस बदलावा, प्रश्न सुटेल.

रॅमवाला :
एसएमपीएसवर खर्च करण्याआधी रॅम तपासावी, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्याकडे अगदी हेच होत होते आणि बायोसमधले एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारी सोय) बंद करताच थांबले. मेमटेस्ट ही रॅमची चाचणी रात्रभर चालू ठेवावी.

मानेवाडेकर :
रॅम तपासून झाली आहे, एकही चूक आली नाही. कार्ड आरटीएक्स 3060 टीआय, प्रोसेसर रायझन 5 5600एक्स, एसएमपीएस 650 वॅट, 80 प्लस ब्राँझ, तोही कार्डाबरोबरच घेतलेला. कार्ड 75 अंशांच्या आसपास आणि प्रोसेसर त्याहून थोडा कमी असतो. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ कितीही वेळ चालतो. सायबरपंक 2077 सारखा जड खेळ लावला की हा प्रकार होतो, आणि तोही बहुतेक वेळा संध्याकाळी. एसएमपीएस नवीन असताना तो बदला, असे कृपया सांगू नये.

जुना_तंत्रज्ञ :
नवीन असणे आणि चांगला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्डाला आठ पिनांची दोन टोके असतील आणि ती दोन्ही एकाच केबलवरून घेतली असतील, तर निदान एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबली तरी लावून पाहाव्यात. त्याला खर्च नाही.

गोरेवाडा_वाचक :
नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. पारा 45 च्या पुढे असताना बंद खोलीत ठेवलेल्या कॅबिनेटचे काय होत असेल? आणि पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार आहेत. माझ्या जुन्या संगणकाच्या मागच्या जाळीवर आणि यूएसबीच्या खाचांत त्याचा पांढरा थर बसला होता आणि दोन खाचा कायमच्या गेल्या. कूलर खिडकीत असावा आणि संगणक त्याच्या झोताच्या बाहेर, बाजूच्या भिंतीला.

अजनीकर :
कूलरचा सल्ला चांगला आहे, पण येथे तापमानामुळे असे होत असण्याची शक्यता कमी वाटते. 5600एक्सची कमाल मर्यादा 95 अंश आहे आणि तिच्या जवळ गेल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. मर्यादा ओलांडलीच, तर संगणक सहसा बंद पडून राहतो, लगेच उठून बसत नाही.

रोहित्र :
मी वीज क्षेत्रात काम करतो, म्हणून वेगळ्या बाजूने विचारतो. पहिले, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून सिस्टिम विभागात त्या वेळेची नोंद पाहावी. कर्नल-पॉवर 41 (संगणक नीट बंद न होता सुरू झाल्याची नोंद) असेल, तर तपशिलात बगचेककोड शून्य आहे का, म्हणजे विंडोजला चूक नोंदवता आली नाही का? त्याच सुमारास व्हीया-लॉगरची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, नोंद आहे का? दुसरे, संगणक थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडला आहे की मध्ये यूपीएस आहे? तिसरे, हे घडते तेव्हा मॉनिटरचाही दिवा विझतो का? आणि संध्याकाळीच का, या प्रश्नाकडे अजून कोणी पाहिलेले नाही.

मानेवाडेकर :
नोंद 41 चीच आहे आणि कोड शून्य आहे. व्हीयाची एकही नोंद नाही. यूपीएस आहे, 600 व्हीएचा, आधीच्या संगणकापासूनचा. बॅटरी गेल्या वर्षी बदलली. मॉनिटर त्याच यूपीएसवर आहे आणि तो चालूच राहतो, फक्त नो सिग्नल असे दाखवतो. दोन स्वतंत्र केबली लावल्या, फरक पडला नाही. खेळ सेकंदाला 60 फ्रेमवर बांधून कार्डाची वीजमर्यादा 70 टक्क्यांवर आणली, तेव्हा मात्र संध्याकाळभर एकदाही बंद पडला नाही.

जुना_तंत्रज्ञ :
मी म्हणत होतो तेच सिद्ध झाले. भार कमी करताच प्रश्न थांबला. आणि मॉनिटर चालू राहतो, याचा अर्थ यूपीएसचा पुरवठा तुटत नाही. दोष एसएमपीएसचाच आहे.

रोहित्र :
आपल्या अनुभवाचा आदर ठेवून असहमती नोंदवतो. या चाचणीने दोष भाराशी निगडित आहे एवढेच कळले. भार एसएमपीएसला झेपत नाही की त्याच्या मागच्या यूपीएसला, हे कळले नाही. 600 व्हीएचे बहुतेक यूपीएस 360 वॅटचे असतात. कार्डाचे 200, प्रोसेसरचे सुमारे 76, मदरबोर्ड, डिस्क आणि पंख्यांचे 50 धरले, तर 326 वॅट झाले. एसएमपीएसची कार्यक्षमता 85 टक्के मानली, तर भिंतीतून सुमारे 380 वॅट ओढले जातात आणि मॉनिटर धरून हा आकडा 400 च्या पुढे जातो. मुख्य वीज चालू असताना हा भार यूपीएसमधून केवळ आरपार जातो, म्हणून काही बिघडत नाही. संध्याकाळी वस्तीतले एसी आणि पाण्याचे पंप सुरू झाले की व्होल्टेज क्षणभर खचते, यूपीएस बॅटरीवर उडी घेतो, आणि त्या क्षणी 360 वॅटच्या इन्व्हर्टरवर 400 वॅटचा भार पडतो.

आता मॉनिटरविषयी. यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा खंड एसएमपीएसने आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो, आणि पूर्ण भार असताना हा साठा जेमतेम 16-17 मिलिसेकंद पुरतो, स्वस्त एसएमपीएसमध्ये त्याहूनही कमी. तेवढ्यात व्होल्टेज सावरले नाही, तर एसएमपीएस मदरबोर्डला देत असलेला पॉवर गुड (पुरवठा ठीक आहे) हा संकेत काढून घेतो आणि मदरबोर्ड नव्याने सुरू होतो. मॉनिटर 25-30 वॅटचा आहे. स्वतःच्या कपॅसिटरमधल्या तशाच साठ्यावर तो हा क्षण सहज निभावतो. मॉनिटर चालू राहिला म्हणून यूपीएस निर्दोष ठरत नाही.

यूपीएस पूर्ण बाजूला काढून, संगणक थेट 15 अँपिअरच्या सॉकेटला लावून, वीजमर्यादा पुन्हा 100 टक्के करून संध्याकाळी तोच खेळ खेळावा. तरीही बंद पडला, तर मी जुना तंत्रज्ञ यांचे म्हणणे मान्य करीन.

रॅमवाला :
माझ्या मते एक्सएमपी बंद करून पाहायला काय हरकत आहे? मेमटेस्टमध्ये न दिसणारे दोष खेळात दिसतात.

अजनीकर :
हरकत नाही, पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला हे कळणार नाही.

गोरेवाडा_वाचक :
या किमतीत गेमिंग कन्सोल आला असता आणि ही सगळी दगदग वाचली असती, असेही वाटते.

मानेवाडेकर :
कन्सोलचा सल्ला मी मागितलेला नाही. काल आणि आज, दोन्ही संध्याकाळी संगणक थेट सॉकेटवर होता, मर्यादा 100 टक्के आणि फ्रेम मोकळ्या. दिवे दोनदा मंदावलेले मी स्वतः पाहिले, पण संगणक बंद पडला नाही. नंतर खात्रीसाठी कूलर बंद ठेवून पुन्हा यूपीएस मध्ये घेतला, तेव्हा यूपीएसमधून टिक असा रिलेचा आवाज आला आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला. कूलरच्या आवाजात हा टिक आजवर कधीच ऐकू आला नव्हता.

मात्र एक नवी गोष्ट लक्षात आली. थेट सॉकेटवर असताना कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला अनवाणी असताना हात लावला, की बारीक झिणझिण्या येतात. हे काय आहे?

जुना_तंत्रज्ञ :
चाचणी आपण नीट केली, यूपीएसविषयीचे रोहित्र यांचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही एवढ्या छोट्या खंडाला जो एसएमपीएस तग धरत नाही, त्याच्या दर्जाविषयीचे माझे मत कायम आहे.

रोहित्र :
झिणझिण्या म्हणजे त्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा ते निकामी झाले आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडा प्रवाह कॅबिनेटवर सोडतात. अर्थिंग असले तर तो जमिनीत जातो, नसले तर पत्र्यावर 115 व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. रीस्टार्टचे ते कारण नाही, पण माणसाच्या दृष्टीने तेच अधिक गंभीर आहे, म्हणून ते दुरुस्त होईपर्यंत संगणक त्या सॉकेटवर वापरू नये. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा निघून जातो, म्हणून हिवाळ्यात ठीक असलेले अर्थिंग नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, दगा देते. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मोजून घ्यावे; ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. तेवढ्यावर समाधान मानू नये, खड्ड्याचा रोधही मोजायला सांगावा. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर उन्हाळाभर त्यात पाणी घालत राहावे.

यूपीएस घ्यायचा असेल तर किमान 1000 व्हीएचा, 600 वॅट असे स्पष्ट छापलेला आणि शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे बॅटरीवरही मुख्य विजेसारखीच वीज देणारा घ्यावा. जुना यूपीएस राउटरला लावावा, त्याला तो अजून पुष्कळ वर्षे पुरेल.

मानेवाडेकर :
वायरमन रविवारी सकाळी येतो म्हणाला आहे, तोपर्यंत संगणक बंद ठेवला आहे. कार्ड पाठवणार नाही, असे दुकानदाराला आजच कळवले. न्यूट्रल-अर्थचा आकडा मिळाला की येथे लिहितो.