लेबल घरी छापलं तर चालेल का?

दहा लिटरचे रंगाचे डबे खोक्यात भरून न्हावा शेवाहून जहाजाने पाठवायचे आहेत, तर ज्वलनशील द्रवाचं लाल लेबल ऑफिसच्या प्रिंटरवर साध्या कागदावर काढलं तर चालेल का, असं वर विचारलंय. आकार बरोबर असला (कोनावर उभा चौकोन, १०० बाय १०० मिमी) तरी चालणार नाही. आयएमडीजी कोडप्रमाणे (समुद्रमार्गे धोकादायक माल पाठवण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) खोक्यावरची माहिती समुद्राच्या पाण्यात किमान ३ महिने बुडून राहिल्यावरही ओळखता आली पाहिजे. साधा कागद तिथे टिकत नाही. वाहत किनाऱ्याला लागलेलं खोकं एखाद्या कोळ्याच्या हाती आलं, तर त्याला सावध करायला तेवढंच लेबल असतं. म्हणून इथे पैसे वाचवू नका, टिकाऊ प्लास्टिकचं स्टिकरच घ्या.

शेजारी 'यूएन १२६३' (रंगासाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक) आणि 'पेंट' हे अधिकृत नाव हवं. नुसतं ब्रँडचं नाव पुरत नाही. समोरासमोरच्या दोन बाजूंना वरची दिशा दाखवणारे बाणही लागतील. पॅलेट गुंडाळल्यावर हे सगळं झाकलं जात असेल तर बाहेरून पुन्हा लावा आणि 'ओव्हरपॅक' (म्हणजे अनेक खोक्यांचं मिळून एक बाहेरचं वेष्टण) असं लिहा. खोकी जुनी असतील तर आधीची लेबलं काढून टाका.