कार्डिओ केलं की मसल जातात म्हणे! तुमचे अनुभव?

उशिराची_गाडी
आज जिममध्ये एक नवा मुलगा सरांना विचारत होता, "मी सायकलवर येतो, त्याने मसल जळणार नाहीत ना?" सर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बल्किंग (खाऊन-पिऊन मसल वाढवणं) होईपर्यंत बाइकवर ये." मी शेजारी केबल ओढत होते, हसू दाबता दाबता सेट सुटला. कॉलेजची जिम आठवली एकदम. तिथल्या सायकलचा उपयोग टॉवेल वाळत घालायला. पळणारे वेगळे, वजनं मारणारे वेगळे, एकमेकांशी बोलायचेही नाहीत. आमच्यातला एक जण तर सुटणारी बस पकडायलाही पळायचा नाही.
तर दोन्ही करणाऱ्यांनी लिहा. आधी काय, नंतर काय, पायांचं काय होतं? ऐकीव नको.

मधलीसुट्टी
वजनं आधी. मग ट्रेडमिल चढाला लावून वीसेक मिनिटं चालणं, इतपत की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. उलटं केलं तर स्क्वॉटच्या तिसऱ्या सेटला मांड्या लटपटतात, आणि पाय थकायच्या आधी श्वासच संपतो. बार खांद्यावर असताना धापा टाकणं काही खरं नाही.
बेल वाजली, येते.

टेकूमास्तर
बस सोडणारा मित्र 😂 आता कसा आहे?

उशिराची_गाडी
पोट सुटलंय. आणि आता मॅरेथॉनच्या गोष्टी करतो.

लोखंडे_आडनाव_नाही
सरांना एकदम वेड्यात काढू नका, त्यांच्या बोलण्याला मूळ आहे. रॉबर्ट हिक्सन म्हणून एक संशोधक, स्वतः वजनं मारणारा गडी. जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत गेला. साहेब पळायचे म्हणून हाही पळायला लागला आणि ताकद उतरायला लागली. मग त्याने रीतसर प्रयोगच केला, १९८० साली छापून आला. एक गट फक्त वजनं, एक फक्त दमाचा व्यायाम, एक दोन्ही. १० आठवडे. दोन्हीवाल्यांची ताकद सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत मस्त वाढली, मग अडली, शेवटी शेवटी खाली आली. दम मात्र पळणाऱ्यांइतकाच वाढला.
पण डोस बघा ना! आठवड्यात ५ दिवस पायांची वजनं आणि वर ६ दिवस जीव काढणारं पळणं-सायकलिंग. एवढं केल्यावर पाय बंड करणारच. त्यावरून सायकलवर येणाऱ्याला घाबरवायचं म्हणजे कमाल आहे.

टेकूमास्तर
६ दिवस?? मला ६ दिवस दोन्ही मोजे सापडले तरी पुष्कळ.

नीलाक्षरी
लोखंडे, छान लिहिलंत. पुढची भर: पेशीत एएमपीके (दमाच्या व्यायामाने चालू होणारा) आणि एमटॉर (स्नायू वाढवणारा) असे दोन खटके, एक चालू झाला की दुसरा बंद, असं जिममध्ये छातीठोक सांगतात. माणसात ते इतकं सरळ नाही. २०२२ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात दोन्ही केल्याने स्नायूंच्या आकारात किंवा कमाल ताकदीत तोटा दिसला नाही. झटक्याची ताकद, म्हणजे उडी वगैरे, थोडी मार खाते, तीही मुख्यतः दोन्ही एकाच वेळी उरकलं तर. त्याआधी २०१२ च्या आढाव्यात सायकलपेक्षा पळण्याचा अडथळा जास्त दिसला होता. पळताना प्रत्येक पावलाचा दणका बसतो हे एक कारण मानतात.
म्हणजे त्या मुलाचं वाहन बरोबर होतं!

उशिराची_गाडी
हे सरांना कोण सांगणार? मी नाही बाई.

पिवळा_शर्ट
आमच्याकडे धाकट्याची केस. संध्याकाळी फुटबॉल, सकाळी जिम, वजन तसूभर हलेना. घरात सगळे फुटबॉलवर खार खाऊन. मी म्हटलं हिशोब करू. पळण्यात ढोबळमानाने किलोमागे, किलोमीटरमागे १ कॅलरी. ६५ किलोचा पोरगा ८ किमी पळाला की ५२० गेल्या. प्रोटीन मोजून घ्यायचा पठ्ठ्या, पण एकूण खाणं होतं तेवढंच. जेवण वाढवलं, लेग डे फुटबॉल नसलेल्या दिवशी ढकलला. शर्टाच्या बाह्या आता दंडात रुततात, आणि तो मुद्दाम तेच शर्ट घालतो.

मधलीसुट्टी
आले. कुरिअर होतं, शेजारचं. बाह्या 😂😂

निवृत्त_पण_व्यस्त
मी साठीच्या पुढचा. डॉक्टर म्हणाले चाला, मुलगी म्हणाली वजनं उचला. दोघंही बरोबर निघाले. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. मला फरक जाणवला तो सेटच्या मधे. पूर्वी डेडलिफ्ट झाली की पट्टा सोडून बाकावर आडवा, कानात ठोके. आता घोटभर पाणी पिऊन पुन्हा बारपाशी. ट्रेनर म्हणतो, काका जरा थांबा, मला दम खाऊ द्या.

टेकूमास्तर
काका, किती किलो मारता?

निवृत्त_पण_व्यस्त
वय विचारा, वजन विचारू नका.

फक्त_वाचणारी
पहिल्यांदाच लिहितेय. विषयाशी संबंध थोडासाच आहे. ट्रेडमिल १२ च्या चढाला लावून समोरचा दांडा धरून लोंबकळणारे लोक, यांचं काय करायचं? अंग मागे टाकलं की चढ उरलाच कुठे?

लोखंडे_आडनाव_नाही
+१. आणि स्क्वॉट रॅकमध्ये बसून रील बघणारे.

मधलीसुट्टी
रॅकमध्ये बायसेप मारणारे राहिले!!

पिवळा_शर्ट
डंबेल जागेवर न ठेवणारे. १० च्या जागी २२.५. एकदा न बघता उचललं, मनगट हातात आलं असतं.

निवृत्त_पण_व्यस्त
मनगटाला शेकू नका हो लगेच, आधी दाखवून घ्या.

पिवळा_शर्ट
काका, जुनी गोष्ट आहे. बरंय आता.

नीलाक्षरी
यावर वेगळा धागा निघू शकतो, इथला विषय भरकटला.

उशिराची_गाडी
काढते रात्री. शीर्षक सुचवा.

टेकूमास्तर
"दादा, किती सेट राहिले?"