पॉवर वीडरचा आवाज कमी करण्यासाठी बसवलेली नळी निष्फळ का ठरली?

प्रश्न – अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, नांदेड

सर्वांना नमस्कार. स्नोमोबाइल या बर्फावरून धावणाऱ्या वाहनाचा धूर आणि आवाज कमी करण्याची विद्यार्थ्यांची स्पर्धा अमेरिकेत २००० साली सुरू झाली आणि २००३ मध्ये ती मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीकडे आली. तिच्याविषयी वाचून आम्ही चौघांनी तोच प्रश्न कापसाच्या कोळपणीसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉवर वीडरवर घेतला. आमचे इंजिन एका सिलिंडरचे, फोर स्ट्रोक, हवेने थंड होणारे असून मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर चालते, म्हणजे सेकंदाला ३० स्फोट होतात. ध्वनीच्या आलेखात याच्या चौपटीवर, १२० हर्ट्झला, मोठे टोक दिसले. म्हणून ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून ७१ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे त्या स्वराच्या लहरीच्या पाव लांबीची, एका टोकाला बंद असलेली नळी आम्ही सायलेन्सरच्या आधी जोडली; बंद टोकावरून परतणारी लहर तो स्वर खोडते, अशी कल्पना होती. वेल्डिंगमध्ये दोन आठवडे गेले आणि चालकाच्या कानाशी मोबाइलवर मोजलेला आवाज ९४ डेसिबेलवरून ९३ वर आला, तोही एकदाच. आमचे नेमके काय चुकले असावे?

उत्तर १ – सायलेन्सर बनवणाऱ्या कारखान्यातील कर्मचारी, वाळूज

गणित बरोबर आहे, पण ते थंड हवेचे आहे. एक्झॉस्टमधील वायू ४०० अंश सेल्सिअसवर असेल, तर त्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला ५२० मीटरच्या घरात जातो आणि त्याच १२० हर्ट्झसाठी १०८ सेंटिमीटरची नळी लागते. त्यातही बंद नळीतून वायू वाहत नसल्यामुळे टोकाकडे तो बराच थंड राहतो. त्यामुळे खरी लांबी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असते आणि ती कागदावर सापडत नाही. टोक वेल्ड करून बंद करण्याऐवजी तिथे सरकता दट्ट्या ठेवा, इंजिन पंधरा मिनिटे तापू द्या आणि मग एकेक सेंटिमीटर सरकवत आलेखातील ते टोक कुठे खाली बसते ते पाहा. थंड इंजिनावर केलेली जुळवणी गरम इंजिनावर टिकत नाही, हे मी स्वतः एक आख्खी पाळी वाया घालवून शिकलो आहे.

उत्तर २ – प्राध्यापक, लातूर

वरील सल्ला योग्यच आहे, परंतु नळी अचूक जुळली तरी तुमच्या मोबाइलवरचा आकडा फारसा हलणार नाही. आपला कान खालच्या स्वरांना मंद असल्यामुळे ए-भारित मापनात, म्हणजे कानाला जसे ऐकू येते तसे वजन देऊन केलेल्या मोजणीत, १२५ हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे १६ डेसिबेलने कमी धरला जातो. याचा अर्थ तुमचे ९४ डेसिबेल बहुतांशी वरच्या स्वरांचे, म्हणजे हवा आत खेचण्याच्या, पंख्याच्या, गिअरच्या आणि थरथरणाऱ्या पत्र्याच्या आवाजाचे असावेत. दोन सारख्या आवाजांपैकी एक पूर्ण बंद केला तरी केवळ ३ डेसिबेल घटतात. तेव्हा आधी लांब पाइप लावून धूर दहा मीटरवर ठेवलेल्या रिकाम्या बॅरलमध्ये सोडा आणि यंत्राशी काय उरते ते मोजा. वेल्डिंगला हात त्यानंतर लावा.

स्नोमोबाइलची सरसकट नक्कलही करू नका. पाण्याने थंड होणाऱ्या स्नोमोबाइलमध्ये पट्ट्याने उडवलेला बर्फ उष्णता काढून घेतो, त्यामुळे तिचे इंजिन आवरणात बंदिस्त ठेवता येते. आपल्याकडे ४२ अंशांच्या उन्हात हवेने थंड होणारे इंजिन फोममध्ये गुंडाळले, तर ते जाम होईल. शिवाय ताजा बर्फ आवाज शोषून घेतो आणि सिमेंटची फरशी तो परत फेकते. मोजणी कॉलेजच्या अंगणात झाली असल्यास ती नांगरलेल्या रानात पुन्हा करावी.

उत्तर ३ – कापूस उत्पादक, परभणी

मुलांनो, आवाज कमी झाला तर हवाच आहे. दिवसभर वीडर चालवून घरी गेल्यावर मला घरच्यांचे बोलणे दोनदा विचारावे लागते. परंतु हराळी ब्लेडला गुंडाळली की इंजिनाचा सूर जड होतो आणि त्यावरूनच मी क्लच सोडतो, तेव्हा तेवढा सूर कानावर येईल असे पाहा. दुसरे असे की, तुमची मीटरभर लांब नळी कापसाच्या ओळींत कशी मावेल? ती फांद्यांना घासली तर पाते, म्हणजे कोवळ्या कळ्या, गळतील, आणि तापलेल्या नळीने पाने करपतील ते वेगळेच.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मोजणी सिमेंटवरच झाली होती, हे मान्य करतो. शनिवारी बॅरल घेऊन रानात जात आहोत. काकांची अडचण रास्त आहे. नळी वळवली तर चालेल का?

उत्तर १ चे लेखक

चालेल. लांबी मध्यरेषेवरून मोजा, दट्ट्याकडचा भाग सरळ ठेवा आणि नळी पेट्रोलच्या टाकीखालून मात्र नेऊ नका.