जिमनीला दोन इंच लिफ्ट: गरज की माज?

मुळशीकर:
मंडळी, रविवारी मुळशीच्या अलीकडे एका कच्च्या वाटेवर माझ्या मारुती जिमनीचं पोट तिसऱ्यांदा घासलं. ट्रॅक्टरने पाडलेली खोल चाकोरी आणि मध्ये गवत उगवलेला उंचवटा. खर्रर्र आवाज आला की बायको आधी माझ्याकडे बघते, मग काचेबाहेर. पाचदारीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २५९० मिमी, त्यामुळे रॅम्पओव्हर अँगल, म्हणजे पोट न घासता किती टोकदार उंचवटा ओलांडता येतो तो कोन, फक्त २४ अंश. परदेशातल्या तीनदारीला २८ मिळतात. गाडी उंच करणारं दोन इंचांचं लिफ्ट किट टाकायचं म्हणतोय, चार स्प्रिंगा आणि चार शॉक. फोर बाय फोर घेऊन पोट घासतच फिरायचं तर वॅगनआर काय वाईट होती?

जुना जिप्सीवाला:
माज. पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अॅक्सल, डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा एकच दांडा, आहे रे तुझ्या गाडीला. स्प्रिंग कितीही उंच घाल, डिफचा, म्हणजे अॅक्सलवरच्या गिअरच्या पेटीचा, गोळा आहे तिथेच राहणार. तो चाकांवर उभा आहे, स्प्रिंगवर नाही. डिफ उचलायचा तर टायर मोठा हवा. कंपनीचा १९५/८० आर१५ साधारण ६९३ मिमी उंच, २३५/७५ टाकलास तर ७३३. वाढ ४०ची, पण अॅक्सलखाली हाताला लागणार निम्मी, २० मिमी. वर स्पीडोमीटर खोटं बोलणार ते वेगळंच. काटा ८० वर, गाडी ८५च्या आसपास.

मुळशीकर:
काका, घासतंय ते डिफ नाहीच. मधलं पोट घासतंय, आणि ते स्प्रिंगवरच उभं आहे. पन्नास मिमी वर गेलं की चारेक अंश वाढतात, कागदावर हिशेब मांडलाय. म्हणजे जवळपास तीनदारीइतका अँगल. ही गरज नाही तर काय?

सिंहगड रोडचा थारवाला:
करू नकोस असं म्हणणार नाही, मीही केलंय. पण स्प्रिंगांची किंमत म्हणजे नुसतं मंगल कार्यालयाचं भाडं. जेवणावळ पुढेच आहे.

माझ्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, दोन्ही चाकं वेगवेगळी वर-खाली होतात. गाडी वर गेली की चाकांना ताकद पोचवणारे ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात. काही महिन्यांत त्या शाफ्टच्या सांध्याचा (सीव्ही जॉइंट) रबरी बूट फाटला, कळलं कसं तर चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस गोल उडालेलं. तुझ्या जिमनीला तो त्रास नाही, पण वेगळा आहे. लिफ्टमुळे पुढचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. शिवाय अॅक्सलला गाडीखाली मधोमध धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड अख्खा अॅक्सल एका बाजूला ओढतो. मित्राच्या जिमनीला मी स्वतः टेप लावली होती, एक चाक मडगार्डच्या बाहेर डोकावत होतं, दुसरं आत. त्याच्या गॅरेजवाल्याने "थोडं चालतंच साहेब" म्हणून गाडी हातात दिली. नवले पुलाच्या उतारावर ट्रकांच्या मध्ये ते "थोडं" किती असतं ते त्याला विचारा. कॅस्टरचे बुश, अॅडजस्टेबल पॅनहार्ड, ब्रेकच्या लांब रबरी नळ्या, मग अलाइनमेंट. हे सगळं करणार असशील तरच हात घाल.

कलम बावन्न:
कायद्याचं कोणीच बोलत नाही म्हणून मी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. चौकात कोणी टेप घेऊन उभं नसतं, मान्य. पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो.

जुना जिप्सीवाला:
आता बोला! वॉरंटीचं तर मी काढलंच नव्हतं.

टेकडीवाली:
लिफ्टच्या बाजूने किंवा विरोधात जायच्या आधी एक विचारते. चाकोरीत गाडी घातलीच कशाला? एक चाक उंचवट्यावर, दुसरं चाकोरीच्या बाहेरच्या काठावर ठेवायचं. गाडी थोडी कलते, पण पोट वर राहतं. शेजारच्याने खाली उतरून दोन हातांनी दिशा दाखवायची, लाज कसली? काठ ओला असेल तर मात्र सांभाळून, पावसाळ्यात इथली लाल माती साबणासारखी होते.

आणि तरीही घासलंच तर स्किड प्लेट, गाडीच्या पोटाखाली बसवायचा जाड पत्रा, आहे. पोट घासण्यात वाईट काही नाही, उघडं पोट घासणं वाईट.

मुळशीकर:
पटलं, पण अर्धंच. काल पुन्हा तिथेच गेलो. बायको उतरली, हात दाखवत राहिली, पहिल्या दोन ठिकाणी न घासता निघालो. तिसऱ्या ठिकाणी काठच ढासळलेला, तिथे परत खर्रर्र. स्किड प्लेटची ऑर्डर देतोय. लिफ्टचा विचार सोडलेला नाही, दोनऐवजी दीड इंच करू, आणि थारवाल्या भाऊंची जेवणावळ धरूनच भाव काढतो.

सिंहगड रोडचा थारवाला:
घरात वयस्कर कोणी बसतं का गाडीत? माझे वडील लिफ्टनंतर पुढच्या सीटवर यायचेच बंद झाले.

मुळशीकर:
आई बसते. आत्ताच चढताना माझा खांदा धरते. फूटबोर्ड लावून देईन.

जुना जिप्सीवाला:
लाव. पुढच्या चाकोरीत पहिला तोच घासेल.