मॉड, हेप, कूल, ड्रिप... तुमच्या वेळचा शब्द कोणता?

निळी_शाई
माळ्यावर वाळवी लागली म्हणून सगळं खाली काढलं, त्यात बाबांचा १९७४चा फोटो सापडला. शेजाऱ्यांच्या लँब्रेटा स्कूटरला टेकून उभे. कल्ले जबड्यापर्यंत, आणि पँटची मोहरी एवढी की बूट दिसतच नाहीत. मागे आत्याच्या अक्षरात पेन्सिलीने इंग्रजीत लिहिलंय, मॉड. पुढे दोन उद्गारचिन्हं.

मुलाला दाखवला तर म्हणतो, "हा कुठल्या गेमचा मॉड?" मी म्हटलं, मॉड म्हणजे कूल रे. "आई, कूल पण नको म्हणूस." मग काय म्हणू? ड्रिप म्हणे! मला ड्रिप म्हणजे सलाईन नाहीतर ठिबक. तर येऊ द्या तुमचेही किस्से, कुठला शब्द वापरून कधी तोंडावर आपटलात ते.

चाळीसगावकर
आमच्या डाळिंबाला दोन एकर ड्रिप आहे. म्हणजे आम्हीच गावात सगळ्यात फॅशनेबल.

बापू_मिरज
आमच्या घरी एकच शब्द होता, अपटुडेट. आजोबा रेल्वेत. तांब्यात निखारे घालून धोतराची निरी न् निरी दाबून घ्यायचे, मग काळी टोपी, आरशात दोनदा बघणं. आजी आतून म्हणायची, "स्वारी अपटुडेट निघाली." कौतुक की टोमणा, ते तिचं तिलाच ठाऊक. नातवाला सांगितलं तर म्हणतो आजोबा, अपटुडेट फोन असतो.

निळी_शाई
बापू, तांब्याची इस्त्री! माझी आजीपण करायची.

खटपट्या
१९८३, माटुंग्याचं हॉस्टेल. मी संगमेश्वरहून आलेला, अंगावर मामेभावाची उतरलेली बेलबॉटम. कँटीनच्या रांगेत वर्गातली मुलगी म्हणाली, "हेप दिसतोयस." मी ऐकलं एप. माकड! रात्री बेसिनपाशी उभं राहून दोन्ही कल्ले साफ उतरवले, एका बाजूला कापलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी तीच विचारते, "अरे, हे काय केलंस?" खरा शब्द कळायला तिसरं वर्ष उजाडलं.

मोगरा७
मग त्या मुलीचं काय झालं पुढे??

खटपट्या
काय व्हायचंय. मस्कतला असते. सून आली तिला.

शब्दवेडा
खटपट्या, तुम्हाला मिळालेला शब्द तेव्हाच शिळा होता. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या जॅझवाल्यांचा तो. कॅब कॅलोवे या बँडवाल्याने १९३८ मध्ये त्या बोलीचा छोटा कोशच काढला होता, हेपकॅट वगैरे. हेप म्हणजे पुढारलेला; नंतर तिकडे हेप मागे पडून त्याच अर्थाचा हिप आला, आणि त्या हिपवरून हिप्पी. आपल्या कॉलेजांत मात्र हेप पुढे कित्येक वर्षं चालला.

आणि निळी_शाई, लंडनचे मूळचे मॉड म्हणजे मॉडर्न जॅझ ऐकणारी पोरं. ती अरुंद पँट आणि शिवलेले कोट घालायची. तुमच्या बाबांच्या मोहरीला त्यांनी मॉड म्हटलंच नसतं. पण लँब्रेटा अगदी बरोबर, ती आणि व्हेस्पा हेच त्यांचं वाहन.

अजून एक. यँकी डूडल बालगीतात तो टोपीत पीस खोचून त्याला मॅकरोनी का म्हणतो? खायची नव्हे. अठराव्या शतकात इटली फिरून आलेल्या नखरेल इंग्रज तरुणांना मॅकरोनी म्हणत.

मोगरा७
मी चाळीस वर्षं पास्ता समजत होते. मुलांना तसंच शिकवलं! कुकर झाला, नंतर वाचते.

हणजूणकार
हिप्पींचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमची आजी किनाऱ्यावर त्यांना शहाळी विकायची. शब्दवेडा म्हणतात हिप म्हणजे पुढारलेला, पण आमच्या घरात हिप्पी म्हणजे न विंचरलेलं डोकं. शाळेत जाताना आई मान धरून तेल थापायची, "हिप्पी होऊन जाऊ नको." आता बुधवारच्या बाजारात त्याच अवताराचे कपडे हजाराला घेतात लोक. तेल फुकट गेलं आमचं.

जर्सीची_माई
रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. २०१९च्या गुढीपाडव्याला एका मुलीला म्हटलं, तुझा परकर-पोलका ऑन फ्लीक आहे, म्हणजे एकदम झकास. सगळा वर्ग गप्प. मग मागून एक सात वर्षांचा, शुद्ध मराठीत, "माई, असं आता कोणी म्हणत नाही." २०१४च्या एका व्हिडिओतून आलेला शब्द, पाच वर्षांत म्हातारा! २०२३ला ऑक्सफर्डने रिझ, म्हणजे भुरळ पाडायची ताकद, हा वर्षाचा शब्द निवडला, तेव्हा मी तोंड उघडलंच नाही.

चाळीसगावकर
आमच्याकडे मुलीवाले हायफाय आहेत म्हटलं की समजायचं, जेवणात बुफे.

शब्दवेडा
हायफाय मुळात रेकॉर्ड प्लेयरचं. हाय फिडेलिटी, म्हणजे मूळ आवाजाशी इमान.

चाळीसगावकर
बुफेत इमान नव्हतं, श्रीखंड संपलं.

मोगरा७
आले. निळी_शाई, फोटो प्लास्टिकच्या पिशवीत नको ठेवूस, ओल धरते. सिलिकाच्या पुड्या टाक डब्यात. आमचा लग्नाचा अल्बम तसाच गेला.

निळी_शाई
हो गं, कालच बुटांच्या खोक्यांतल्या शोधून काढल्या.

आणि आत्ता आत्याला फोन केला. मला वाटलं भावाचं केवढं कौतुक लिहिलंय. ती खो खो हसायला लागली. म्हणाली, "अगं त्या पँटचं कापड बघ नीट. बैठकीच्या खोलीतला पडदा होता तो. आईने मला धरलं होतं चोर म्हणून, दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

भिंग घेऊन पाहिलं. मांडीवर फुलं आहेत.

बापू_मिरज
दुसऱ्या पडद्याचं काय केलं विचारा.

मोगरा७
त्या पुड्या उन्हात ठेवून पुन्हा वापरता येतात का?