26 जानेवारीचा झेंडा: खालून चढवायचा की वर बांधून ठेवायचा?

सी_विंग_सचिव
सोसायटीच्या आवारात 20 फुटी खांब आहे, वर एक कप्पी, खाली खुंटी. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो 15 ऑगस्टसारखाच खालून चढवा, दुसरा म्हणतो 26 जानेवारीला तो आधीच वर बांधलेला हवा. वर बांधला की दोर ओढल्यावर एक तर उघडत नाही, नाही तर अख्खा गोळाच खाली येतो. कुठे चुकतंय? आणि फलकावर कितवा प्रजासत्ताक दिन लिहायचा? दर वर्षी त्यावरून वाद.

गिरगावकर
दुसऱ्या तटाचं बरोबर. 15 ऑगस्टला देश पारतंत्र्यातून वर आला, म्हणून झेंडा खालून वर चढतो, ते ध्वजारोहण. 26 जानेवारी 1950 ला देश स्वतंत्र होताच, फक्त राज्यघटना अमलात आली. म्हणून झेंडा आधीच वर असतो आणि नुसता उलगडतो. ते ध्वज फडकवणं. पत्रिकेत शब्द त्याप्रमाणे घाला. घटना स्वीकारली 26 नोव्हेंबर 1949 लाच, पण 26 जानेवारी 1930 ला पूर्ण स्वराज्य दिन पाळला होता, ती तारीख राखायची म्हणून दोन महिने थांबले.

कितवा, याचा हिशेब सोपा आहे. पहिला प्रजासत्ताक दिन 1950 चाच धरायचा, म्हणजे सालातून 1949 वजा करा. 2026 चा 77 वा. वर्षं मात्र 76 पूर्ण होतात, वाद तिथेच लागतो. 15 ऑगस्टसाठी 1946 वजा करा.

माजी_एनसीसी
सचिवसाहेब, दोन्ही बिघाडांची कारणं वेगळी आहेत. दोराचं एक टोक झेंड्याच्या केशरी बाजूला, ते कप्पीवरून खाली येतं. ही चढवायची बाजू. दुसरं टोक हिरव्या बाजूला, ही ओढायची बाजू. गोळा कप्पीला टेकला की चढवायची बाजू खुंटीला घट्ट आवळायची. ती सैल राहिली, की ओढल्यावर गोळा खाली येणारच. पाहुण्यांच्या हातात फक्त ओढायची बाजू द्या. दोन्ही बाजू हातात दिल्या की गोंधळ ठरलेला.

उघडत नाही, कारण निरगाठ बसलेली असते. झेंडा जमिनीला लागू न देता लांबीत घडी घाला, गुंडाळी करा. मग ओढायच्या बाजूचाच दोर गोळ्याभोवती दोन वेढे घेऊन त्याचा दुहेरी फासा वेढ्याखाली खोचा. सुरगाठ. टोक खोचायचं नाही, फासाच खोचायचा; टोक गेलं की ओढल्यावर गाठ उलट आवळते. कंबरेएवढ्या उंचीवर तीनदा ओढून बघा, एका छोट्या झटक्यात सुटली पाहिजे. सतत जोर लावून खेचू नका.

पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची हरकत नाही, पण मूठभर आणि कोरड्या. ओल्या पाकळ्या कापडाला चिकटतात, पांढऱ्या पट्ट्यावर डाग पडतो. आणि आदल्या रात्री बांधू नका. दवाने सुती दोर ताठरतो. सकाळीच बांधा. बांधण्यापूर्वी केशरी बाजू वर आहे ना, हे दोघांनी बघा. गोळा झाला की कळत नाही.

खाडीपलीकडचा
20 फुटी खांबाला 1350 × 900 मिलिमीटरचा झेंडा ठीक दिसतो. ध्वजसंहितेतलं प्रमाणित माप आहे, 3:2. घेताना अशोकचक्राचे आरे मोजा, 24 हवेत. डिसेंबर 2021 पासून पॉलिएस्टर आणि यंत्रावर विणलेलं कापडही चालतं. 15 ऑगस्टला तेच घ्या. मुंबईच्या पावसात सुती झेंडा भिजून खांबाला चिकटतो आणि वारा असला तरी उलगडत नाही.

सी_विंग_सचिव
आभारी आहे. संध्याकाळी उतरवायचाच का? आणि राष्ट्रगीत आधी की नंतर?

माजी_एनसीसी
झेंडा उलगडला की लगेच राष्ट्रगीत, साधारण 52 सेकंद. स्पीकरवर लावणार असाल तर ते आधीच थांबवून तयार ठेवा. गाणं शोधण्यात लोक सावधानमध्ये उभे राहून कंटाळतात. भाषणं, चहा, बक्षिसं त्यानंतर.

गिरगावकर
जुलै 2022 पासून नागरिकांनी उघड्यावर लावलेला झेंडा रात्रीही ठेवता येतो, पूर्वी सूर्यास्ताला उतरवावाच लागे. पण वॉचमनला रात्री वर बघायला वेळ नसेल तर सूर्यास्तालाच उतरवा. चढवताना झपझप, उतरवताना सावकाश. फाटला, विटला तर कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे नाही. एकांतात, सन्मानाने, पूर्णच जाळतात. मुलांच्या हातातले कागदी झेंडेही त्याच दिवशी गोळा करा. दुसऱ्या दिवशी ते गटाराच्या जाळीवर सापडतात.